'मॅच' हुकल्यानंतरचे वर्ष : अमेरिकी रेसिडेन्सीसाठी दुसरा अर्ज

अमेरिकेत वैद्यकीय पदवी मिळाली म्हणजे डॉक्टरला स्वतंत्रपणे व्यवसाय करता येतो असे नाही. त्यासाठी 'रेसिडेन्सी' हे रुग्णालयातील पदव्युत्तर प्रशिक्षण आवश्यक असते आणि त्याच्या जागा प्रामुख्याने 'मॅच' या राष्ट्रीय जुळवणीतून भरल्या जातात. मार्चमधील तिसरा शुक्रवार हा 'मॅच डे'. त्याच आठवड्याच्या सोमवारी उमेदवाराला जागा मिळाली की नाही, एवढेच कळते. ती कोठे मिळाली, हे शुक्रवारी समजते. सोमवारी नकार आलेल्यांपुढे मात्र निराळाच प्रश्न उभा राहतो. शिक्षणावर वर्षे खर्च झालेली असतात. कर्ज काढून शिकणाऱ्या अमेरिकी पदवीधरांच्या डोक्यावर सुमारे दोन लाख डॉलरचा बोजा असतो. आणि हातात पदवी असूनही तिच्या बळावर रुग्ण तपासता येत नाही. अशा उमेदवाराने पुन्हा अर्ज करावा का, आणि केल्यास कोणत्या तयारीने, याचा विचार भावनेपेक्षा माहितीच्या आधारे होणे आवश्यक आहे.

जुळवणीची पद्धत

ही व्यवस्था 'नॅशनल रेसिडेंट मॅचिंग प्रोग्राम' अर्थात एनआरएमपी ही संस्था चालवते. पहिली जुळवणी १९५२ साली झाली. मुलाखती आटोपल्यावर उमेदवार रुग्णालयांची पसंतीक्रमाने यादी देतात, तर रुग्णालये उमेदवारांची. संगणक या दोन्ही याद्यांचा मेळ घालतो. डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली यांनी १९६२ मध्ये मांडलेल्या गणिती विचाराशी ही रीत मिळतीजुळती असल्याचे अर्थशास्त्रज्ञ ॲल्विन रॉथ यांनी १९८४ मध्ये दाखवून दिले. पुढे रॉथ आणि इलियट पेरॅन्सन यांनी तिची फेररचना केली आणि १९९८ च्या जुळवणीपासून ती उपयोगात आली. रॉथ व शॅप्ली यांना २०१२ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

या गणिताचा एक व्यावहारिक अर्थ दुसऱ्यांदा अर्ज करणाऱ्याने नीट समजून घ्यावा. अवघड जागा यादीत पहिल्या क्रमांकावर लिहिल्यामुळे खालच्या जागांवरील संधी घटत नाही. त्यामुळे 'क्रम चुकला म्हणून जागा गेली' ही समजूत बहुधा निराधार असते. जागा हुकते ती यादी आखूड असल्यामुळे, किंवा यादीतील एकाही रुग्णालयाने उमेदवाराला पुरेशा वरच्या क्रमांकावर न ठेवल्यामुळे.

आकडे काय सांगतात

२०२५ च्या जुळवणीत ४३,२३७ जागा होत्या आणि ५२,४९८ जणांनी नोंदणी केली होती. अमेरिकी एमडी महाविद्यालयांच्या अंतिम वर्षातील सुमारे ९३.५ टक्के विद्यार्थ्यांना प्रथम वर्षाची जागा मिळाली. अमेरिकेचे नागरिक नसलेल्या, परदेशी महाविद्यालयांतील पदवीधरांमध्ये हे प्रमाण सुमारे ५८ टक्के होते. पूर्वीच्या वर्षी पदवी घेतलेल्या अमेरिकी डॉक्टरांना मात्र अलीकडच्या वर्षांत साधारण निम्म्या प्रमाणातच यश मिळत आले आहे. या गटात आधी जागा हुकलेल्यांचा भरणा मोठा असल्याने हा फरक केवळ 'शिळ्या' पदवीमुळे पडतो, असे म्हणता येणार नाही. तरीही दुसरा प्रयत्न पहिल्यापेक्षा सोपा नसतो, एवढे त्यातून स्पष्ट होते.

सर्व शाखांची स्थिती सारखी नाही. त्वचारोग, अस्थिशल्यचिकित्सा, प्लास्टिक सर्जरी, न्यूरोसर्जरी आणि कान-नाक-घसा या शाखांत चुरस तीव्र असते. उलट फॅमिली मेडिसिनमध्ये दरवर्षी जागा रिकाम्या राहतात. शाखांची लोकप्रियताही बदलते. आपत्कालीन वैद्यक ही एकेकाळी मागणी असलेली शाखा. परंतु २०२३ मध्ये तिच्या ५५४ जागा मुख्य जुळवणीत भरल्या गेल्या नाहीत. जागांच्या टंचाईला सरकारी धोरणाचीही पार्श्वभूमी आहे. मेडिकेअरच्या निधीवर चालणाऱ्या रेसिडेन्सीच्या जागांवर १९९७ च्या कायद्याने मर्यादा घातली.

पहिले चार दिवस

नकार कळताच 'सोप' ही पुरवणी प्रक्रिया सुरू होते. पूर्वी या आठवड्यात उमेदवार दूरध्वनी आणि फॅक्सवरून रिकाम्या जागांमागे अक्षरशः धावत असत. त्या गोंधळाच्या जागी २०१२ पासून ही शिस्तबद्ध पद्धत आली. पात्र उमेदवाराला रिकाम्या जागांची यादी मिळते आणि त्याला जास्तीत जास्त ४५ ठिकाणी अर्ज करता येतो. रुग्णालयाने संपर्क साधण्यापूर्वी उमेदवाराने स्वतः किंवा दुसऱ्यामार्फत तेथे संपर्क साधणे हा नियमभंग ठरतो. गुरुवारी फेऱ्याफेऱ्यांनी देकार येतात आणि प्रत्येकाला दोन तासांत उत्तर द्यावे लागते. स्वीकारलेला देकार बंधनकारक असतो.

म्हणूनच देकार स्वीकारण्यापूर्वी जागेचे स्वरूप तपासावे. पूर्ण मुदतीची जागा घेणे म्हणजे ती शाखा स्वीकारणे होय. मनात दुसरी शाखा ठेवून ती घेणे स्वतःवर आणि त्या विभागावर अन्याय करणारे ठरते. याउलट 'प्रिलिमिनरी' किंवा 'ट्रान्झिशनल' जागा एका वर्षाची असते. तेथे काम करीत पुढील जुळवणीत पुन्हा उतरता येते.

अपयशाचे निदान

पुढील वर्षाचा आराखडा करण्यापूर्वी अपयशाचे कारण शोधावे. त्याचे ढोबळमानाने दोन प्रकार संभवतात. पहिल्यात मुलाखतींची निमंत्रणेच फार कमी येतात. अशा वेळी दोष अर्जात असतो : गुण, परीक्षेतील नापास शेरा, शिफारसपत्रांचा मोघमपणा, संशोधनाचा अभाव किंवा चुकीच्या ठिकाणी केलेले अर्ज. दुसऱ्यात मुलाखती पुरेशा होतात, परंतु जागा मिळत नाही. येथे अर्ज भक्कम असून संवादात, शिफारसपत्रांतील एखाद्या सूचक वाक्यात किंवा यादीच्या रचनेत उणीव असण्याची शक्यता अधिक. पहिल्या प्रकारच्या उमेदवाराने केवळ मुलाखतीचा सराव करणे आणि दुसऱ्या प्रकारच्याने आणखी चार शोधनिबंधांमागे लागणे, दोन्ही व्यर्थ होत.

हे निदान एकट्याने होत नाही. ज्या शाखेत अर्ज केला, तेथील विभागप्रमुख किंवा प्रशिक्षण संचालकाने अर्ज वाचून परखड मत द्यावे, अशी विनंती करणे उत्तम. स्नेह्यांचा दिलासा वेगळा आणि निवड करणाऱ्याचे मत वेगळे.

वर्ष कोठे घालवावे?

प्रिलिमिनरी वर्षाचा मोठा लाभ म्हणजे उमेदवार प्रत्यक्ष रुग्णसेवेत राहतो आणि त्याच्या कामाची साक्ष देणारे वरिष्ठ मिळतात. त्यातील अडचण मात्र फारशी कोणी सांगत नाही. प्रशिक्षण साधारण १ जुलैला सुरू होते, तर नवे अर्ज सप्टेंबरअखेर रुग्णालयांच्या हाती पडतात. म्हणजे नव्या ठिकाणी नाव कमावून शिफारसपत्र मिळवण्यास जेमतेम बारा आठवडे मिळतात. पुढे मुलाखतींचा हंगाम येतो तो आठवड्याला ८० तासांपर्यंतच्या कामाच्या धबडग्यात. त्यामुळे पुन्हा अर्ज करण्याचा मानस पहिल्याच आठवड्यात वरिष्ठांच्या कानावर घालावा आणि मुलाखतींसाठीच्या रजेबद्दल मोकळेपणाने बोलावे.

संशोधनाचे वर्ष चुरशीच्या शाखांत विशेष उपयोगी पडते. तेथे निबंधांच्या संख्येपेक्षा त्या शाखेतील मार्गदर्शकाचा सहवास मोलाचा असतो. मात्र मार्चमध्ये सुरू केलेले काम सप्टेंबरपर्यंत प्रसिद्ध होईलच असे नाही, आणि काही पदे बिनपगारी असतात. पदाचा कालावधी, वेतन आणि हाती येणारे काम यांची स्पष्टता आधीच करून घ्यावी. अमेरिकी महाविद्यालयात शिकणाऱ्याला पदवी लांबवून विद्यार्थी म्हणूनच पुन्हा अर्ज करण्याची मुभा काही ठिकाणी मिळते. त्यात शुल्काचा आणि कर्जाचा हिशेब मांडावा लागतो.

मिसुरी राज्याने २०१४ मध्ये कायदा करून रेसिडेन्सी न मिळालेल्या पदवीधरांना देखरेखीखाली काम करू देणारा 'असिस्टंट फिजिशियन' हा परवाना निर्माण केला. अशा कामामुळे उत्पन्न आणि अनुभव मिळतो. रेसिडेन्सीची जागा मात्र तो घेऊ शकत नाही.

अर्जात काय बदलते, काय बदलत नाही

उत्तीर्ण झालेली यूएसएमएलई परीक्षा केवळ गुण वाढवण्यासाठी पुन्हा देता येत नाही. जानेवारी २०२२ पासून पहिल्या टप्प्याचा निकाल केवळ उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असा लागतो. परिणामी दुसऱ्या टप्प्याच्या गुणांचे वजन वाढले. हे गुण कायमचे असतात. रिकाम्या वर्षात तिसरा टप्पा उत्तीर्ण होणे शक्य असते आणि मागील गुण साधारण असतील तर ते उपयुक्त ठरते.

बदलता येण्याजोग्या गोष्टींमध्ये शिफारसपत्रे अग्रस्थानी येतात. एका ठिकाणी चारपर्यंत पत्रे पाठवता येतात. त्यांतील किमान एक-दोन गेल्या वर्षातील कामाबद्दल असावीत. निवेदन नव्याने लिहावे. तेच ठिकाण, तेच परीक्षक आणि तोच मजकूर असेल, तर वर्ष वाया गेल्याचा समज होतो.

अलीकडे 'पसंतीचे संकेत' ही नवी बाब आली आहे. कान-नाक-घसा शाखेने २०२०-२१ च्या हंगामात याची सुरुवात केली. अस्थिशल्यचिकित्सेने २०२२-२३ मध्ये प्रत्येक उमेदवाराला ३० संकेत दिले. संकेत न मिळालेल्या ठिकाणाहून निमंत्रण येण्याची शक्यता कमी असते. म्हणून शेकडो ठिकाणी सरसकट अर्ज करण्यापेक्षा, जेथे काम केले किंवा जेथे कोणी ओळखते, तेथे संकेत द्यावेत.

मुलाखतीत मागील अपयशाचा प्रश्न येणारच. त्याचे उत्तर थोडक्यात असावे : काय उणे होते, ते कसे भरून काढले आणि त्यातून काय शिकायला मिळाले. परिस्थितीला वा परीक्षकांना दोष देणे आणि अपयश लपवणे, दोन्ही घातक.

महाराष्ट्रातील पदवीधरांसाठी

येथील विद्यार्थ्याला 'ड्रॉप' घेऊन नीट-पीजी पुन्हा देण्याची कल्पना अंगवळणी पडलेली असते. तेथे नवे गुण हाच नवा अर्ज. अमेरिकेत हा हिशेब चालत नाही. घरी बसून केलेल्या अभ्यासाचे वर्ष तेथे रिकामे वर्ष म्हणून मोजले जाते. अनेक ठिकाणी पदवीला किती वर्षे झाली, याची चाळणी लावतात. म्हणून रुग्णसेवेत खंड पडू न देणे महत्त्वाचे. शासकीय महाविद्यालयातील पदवीधराची बंधपत्रित ग्रामीण सेवा हीदेखील रुग्णसेवाच असून अर्जात ती तपशिलाने मांडता येते. त्याला अमेरिकेतील रुग्णालयातील प्रत्यक्ष अनुभवाची जोड हवी.

परदेशी पदवीधराला ईसीएफएमजीचे प्रमाणपत्र लागते. जे-१ व्हिसासाठी भारताच्या आरोग्य मंत्रालयाचे पत्र आवश्यक असते आणि प्रशिक्षणानंतर, सवलत न मिळाल्यास, दोन वर्षे मायदेशी राहण्याची अट असते. एच-१बी व्हिसावर रेसिडेन्सी करावयाची तर तिसरा टप्पा आधीच उत्तीर्ण असावा लागतो. अमेरिकेबाहेरील व्यक्तींसाठीच्या नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लावण्याची घोषणा सप्टेंबर २०२५ मध्ये झाली. तेव्हा कोणते रुग्णालय कोणता व्हिसा देते, हे अर्जाचे पैसे भरण्यापूर्वीच विचारावे.

किती वेळा?

पुन्हा अर्ज करताना एकाच शाखेवर सर्वस्व पणाला लावावे की जोडीने दुसऱ्या शाखेतही अर्ज करावा, हा कठीण निर्णय असतो. दुसरी शाखा निवडल्यास तिच्यासाठी स्वतंत्र निवेदन, स्वतंत्र शिफारसपत्रे आणि त्या कामाचा खरा अनुभव हवा. नाइलाजाने आलेला उमेदवार मुलाखतीत ओळखू येतो. शल्यचिकित्सेची ओढ असणाऱ्याला भूलशास्त्रात, तर त्वचारोगाची ओढ असणाऱ्याला अंतर्गत वैद्यकात समाधान मिळू शकते. मात्र ते तेथे काही आठवडे काम करूनच ठरवावे.

प्रयत्नांची मर्यादा हंगाम सुरू होण्यापूर्वी, शांत चित्ताने आणि घरच्यांशी बोलून ठरवावी. किती वर्षे, किती खर्च आणि त्यानंतर काय, या तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून ठेवावीत. मार्चमधील त्या सोमवारी, संदेश कोणताही आला तरी, पुढचे पाऊल कोणते हे उमेदवाराला त्या कागदावरून कळले पाहिजे.