कार सबवूफर

कार सबवूफर हा मोटारगाडीत बसवला जाणारा आणि केवळ खर्जाचे, म्हणजे कमी वारंवारतेचे ध्वनी निर्माण करणारा ध्वनिक्षेपक आहे. सबवूफरचा कार्यपल्ला साधारणतः २० ते २०० हर्ट्झ असतो. मोटारीत मात्र त्याची वरची मर्यादा बहुधा ८० हर्ट्झच्या आसपास ठेवली जाते. दारांत बसवलेले लहान ध्वनिक्षेपक डग्गा, ढोल, बेस गिटार अशा वाद्यांचे खालचे स्वर पुरेशा तीव्रतेने निर्माण करू शकत नाहीत. ही उणीव सबवूफर भरून काढतो.

सबवूफरचा आवाज क्षीण, फाटका किंवा नुसता घुमणारा येऊ लागला की ध्वनिक्षेपक वा अँप्लिफायर बदलण्याकडे वाहनमालकांचा कल असतो. परंतु अशा तक्रारींचे मूळ अनेकदा वीजपुरवठा, जोडणी, पेटी किंवा मांडणी यांत असते. त्यामुळे नवे उपकरण घेण्यापूर्वी या घटकांची क्रमाने तपासणी करणे उपयुक्त ठरते.

## इतिहास

आजच्या सबवूफर पेट्यांची मूलतत्त्वे मोटारींसाठी नव्हे, तर घरगुती ध्वनिक्षेपकांसाठी विकसित झाली. बेल प्रयोगशाळेतील अल्बर्ट थुरास यांना १९३२ मध्ये बेस रिफ्लेक्स प्रकारच्या, म्हणजे छिद्र असलेल्या पेटीचे अमेरिकी पेटंट मिळाले. १९५४ मध्ये एडगर विल्चर आणि हेन्री क्लॉस यांनी 'अकूस्टिक रिसर्च' ही कंपनी स्थापन केली आणि हवाबंद पेटीतील लहान ध्वनिक्षेपक लोकप्रिय केला. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये व रिचर्ड स्मॉल यांनी १९७० च्या दशकात केलेल्या कामातून 'थील-स्मॉल प्रचल' पुढे आले. त्यांच्या आधारे कोणत्या ध्वनिक्षेपकाला किती घनफळाची पेटी हवी, याचे गणित करता येते.

## रचना

सबवूफरच्या मध्यभागी शंकूच्या आकाराचा पडदा असतो. त्याला जोडलेली तारेची गुंडाळी, म्हणजे व्हॉइस कॉइल, चुंबकाच्या फटीत पुढे-मागे सरकते. मोटारींसाठी ८, १०, १२ आणि १५ इंच व्यासाचे सबवूफर प्रचलित आहेत. शंकूच्या पुढच्या व मागच्या बाजूंना निर्माण होणाऱ्या ध्वनिलहरी परस्परविरुद्ध असतात. त्या एकमेकींत मिसळल्यास खर्ज नाहीसा होतो, म्हणून पेटी आवश्यक ठरते. पेटीचे मुख्य प्रकार पुढीलप्रमाणे आहेत.

* हवाबंद पेटी: आकाराने लहान व बांधायला सोपी. आतील हवा स्प्रिंगप्रमाणे काम करून शंकूला आवर घालते.
* छिद्रयुक्त पेटी: ठरावीक वारंवारतेच्या आसपास जास्त आवाज देते. त्या वारंवारतेच्या खाली मात्र शंकूवरील हवेचा आवर सुटतो आणि तो मर्यादेबाहेर हलून निकामी होऊ शकतो. यासाठी सबसॉनिक फिल्टर वापरला जातो.
* बँडपास पेटी: ध्वनिक्षेपक दोन कप्प्यांच्या मध्ये असतो. ती मर्यादित पल्ल्यातच प्रभावी ठरते.

## वाहनातील ध्वनिशास्त्र

२०° सेल्सियस तापमानाला हवेत ध्वनीचा वेग सुमारे ३४३ मीटर प्रतिसेकंद असतो. त्यानुसार ४० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी सुमारे ८.६ मीटर, म्हणजे बहुतेक मोटारींच्या लांबीपेक्षाही जास्त भरते. ज्या वारंवारतेची निम्मी तरंगलांबी केबिनच्या लांबीएवढी असते, तिच्याखाली आतील हवा एकसंधपणे दाबली जाते व विरळ होते. २.५ मीटर लांबीच्या केबिनसाठी ही वारंवारता सुमारे ६९ हर्ट्झ येते. तिच्याखाली आवाजाची पातळी दर सप्तकामागे तत्त्वतः १२ डेसिबलपर्यंत वाढते. फटी, काचा आणि लवचिक पत्रा यांमुळे प्रत्यक्षातील वाढ कमी असते. मोटारीत लहान हवाबंद पेटीही खोल खर्ज देऊ शकते, ती या परिणामामुळे.

हॅचबॅक गाडीत डिकी व केबिन यांत पूर्ण पडदा नसतो. सेडान गाडीत मात्र मागचे आसन आणि त्यामागील फळी हा ध्वनीच्या वाटेतील अडसर ठरू शकतो.

## दोष आणि त्यांचे निदान

### आवाज अजिबात न येणे

अँप्लिफायरला तीन जोडण्या लागतात: बॅटरीकडून येणारी धन तार, गाडीच्या पत्र्याला जोडलेली अर्थिंगची तार आणि म्युझिक सिस्टीमकडून येणारी रिमोट तार. मल्टिमीटरने या तिन्ही व फ्यूज तपासल्यानंतरच ध्वनिक्षेपकाकडे वळले जाते. ४ ओहमच्या व्हॉइस कॉइलचा सुटी करून मोजलेला रोध ४ ओहमपेक्षा किंचित कमी असतो. मीटर अनंत रोध दाखवत असल्यास कॉइल तुटलेली, तर शून्याच्या जवळ दाखवत असल्यास ती आतल्या आत जुळलेली असते.

### प्रोटेक्ट दिवा लागणे

अति उष्णता, तारांचा आपसांत किंवा पत्र्याशी झालेला स्पर्श आणि मर्यादेपेक्षा कमी रोध ही याची सामान्य कारणे आहेत. ४ ओहमच्या दोन कॉइल समांतर जोडल्यास एकूण भार २ ओहम होतो, एकसर जोडल्यास ८ ओहम. ४ ओहमसाठी बनवलेल्या अँप्लिफायरवर २ ओहमचा भार टाकल्यास तो तापून बंद पडू शकतो.

### इंजिनबरोबर बदलणारी शीळ

इंजिनच्या फेऱ्यांसोबत शीळ चढत-उतरत असल्यास ती अल्टरनेटरकडून येते. अँप्लिफायरमधून सिग्नलची तार काढल्यावर ती थांबली, तर दोष सिग्नलच्या वाटेवर असतो. एरवी अर्थिंग तपासले जाते. अर्थिंगची तार आखूड असावी आणि रंग खरवडून उघड्या केलेल्या धातूवर घट्ट बसवलेली असावी. विजेची व सिग्नलची तार गाडीच्या वेगवेगळ्या बाजूंनी नेल्यास हा त्रास टळतो.

### खर्ज क्षीण वाटणे

दोन सबवूफरपैकी एकाची जोडणी उलटी असल्यास एक शंकू बाहेर येताना दुसरा आत जातो आणि दोघांचा आवाज एकमेकांना मारतो. सुट्या ध्वनिक्षेपकाच्या धन टोकाला १.५ व्होल्टच्या सेलचे धन टोक क्षणभर लावल्यास शंकू बाहेर सरकायला हवा. सबवूफर आणि दारांतील ध्वनिक्षेपक यांच्यातही असाच विरोध असू शकतो. त्यासाठी फेजचे बटण ० आणि १८० अंशांवर आलटून-पालटून ठेवले जाते व चालकाच्या आसनावरून ज्या स्थितीत खर्ज भरदार ऐकू येतो, ती कायम केली जाते.

### आवाज फाटणे

गेन हे आवाज वाढवण्याचे बटण नसून म्युझिक सिस्टीमच्या सिग्नलशी अँप्लिफायर जुळवण्याचे साधन आहे. गेन जास्त ठेवल्यास ध्वनिलहरीची टोके छाटली जातात. अशा सिग्नलची सरासरी शक्ती वाढते आणि कॉइल तापून जळू शकते. अपेक्षित विभवांतर हे शक्ती व रोध यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाएवढे असते. ५०० वॉट आणि २ ओहमसाठी ते सुमारे ३१.६ व्होल्ट येते. बेस बूस्ट बंद करून, ध्वनिक्षेपक सुटा ठेवून व ५० हर्ट्झचा पूर्ण पातळीचा चाचणी स्वर वाजवून गेन या मूल्यापर्यंत वाढवला जातो.

### दिवे मंदावणे

खर्जाच्या प्रत्येक ठोक्याला दिवे मंदावणे हे विभवांतर घसरल्याचे लक्षण आहे. ८० टक्के कार्यक्षमतेचा ५०० वॉटचा अँप्लिफायर १३.८ व्होल्टला सुमारे ४५ अँपिअर धारा घेतो. ४ चौरस मिलिमीटर जाडीच्या ५ मीटर तांब्याच्या तारेत या धारेमुळे जवळपास १ व्होल्ट खर्ची पडतो, १६ चौरस मिलिमीटरच्या तारेत फक्त पाव व्होल्ट. तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या तारेचा रोध जास्त असल्याने तिची जाडी अधिक लागते.

### खडखड

नंबर प्लेट, डिकीचे झाकण आणि पेटीचे सैल स्क्रू हे खडखडीचे नेहमीचे स्रोत होत. हवाबंद पेटीच्या सांध्यातून हवा गळत असल्यास फुसफुस ऐकू येते.

## सुधारणा

विद्युतशक्ती दुप्पट केल्याने आवाजाची पातळी केवळ ३ डेसिबलने वाढते. याउलट उलटी फेज सुलट करणे किंवा पेटीची दिशा बदलणे विनाखर्च असून त्याचा परिणाम बऱ्याचदा यापेक्षा मोठा असतो. दारांतील ध्वनिक्षेपकांना हाय-पास फिल्टर लावून ८० हर्ट्झखालचा भाग वगळल्यास त्यांच्यावरील ताण कमी होतो आणि एकंदर आवाज स्वच्छ होतो. पत्र्यावर ब्युटाइल रबराचे थर चिकटवल्यास कंपने शमतात. अँप्लिफायरची शक्ती वाढवण्याचा विचार या उपायांनंतर करणे श्रेयस्कर मानले जाते.

## सुरक्षितता आणि कायदा

मुख्य फ्यूज बॅटरीपासून साधारण ४५ सेंटिमीटरच्या आत बसवला जातो. हा फ्यूज अँप्लिफायरपेक्षा तारेच्या रक्षणासाठी असतो. तो नसल्यास पत्र्याला घासून उघडी पडलेली तार आग लावू शकते. इंजिन व केबिन यांमधील पत्र्यातून तार नेताना छिद्राला रबरी कडे लावणे आवश्यक असते. जड पेटी सुटी ठेवल्यास अपघातात ती प्रवाशांवर आदळू शकते, त्यामुळे ती पक्की बांधली जाते.

८५ डेसिबलहून मोठा आवाज दीर्घकाळ ऐकल्यास श्रवणशक्तीला कायमची इजा होऊ शकते. भारतात ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी क्षेत्रासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. खर्जाचे ध्वनी भिंतींतून सहज पार होत असल्याने काचा बंद असलेल्या गाडीतील सबवूफरही आसपासच्या घरांत ऐकू येऊ शकतो.

## हे सुद्धा पाहा

* ध्वनिक्षेपक
* ओहमचा नियम
* डेसिबल
* ध्वनिप्रदूषण