काडतूस, रायफलीचे : लघु आणि दीर्घ

रायफलीच्या काडतुसांचे लांबीवरून पडणारे दोन ढोबळ वर्ग. दूर पल्ल्याच्या नेमबाजीत, म्हणजे साधारण ६०० यार्डांच्या (सु. ५५० मी.) पुढे, यांपैकी कोणता सरस हा जुना वाद आहे. वाद जुना असला तरी बराचसा चुकीच्या मापावर चालत आला आहे. लोक पुंगळीची लांबी मोजतात. नेमाच्या दृष्टीने महत्त्व असते ते पुंगळीच्या पुढे गोळीसाठी किती जागा उरली याला.

काडतुसाचे भाग चार : पितळी पुंगळी, तिच्या बुडातील टोपी, आत भरलेली धूरविरहित दारू आणि तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी. बोलताना आपण या सगळ्या ऐवजालाच ‘गोळी’ म्हणतो. या नोंदीत मात्र गोळी म्हणजे नळीतून सुटून लक्ष्याकडे जाते तेवढीच. ७.६२×५१ अशा नावात पहिला आकडा व्यासाचा आणि दुसरा पुंगळीच्या लांबीचा, दोन्ही मिलिमीटरमध्ये. संपूर्ण काडतुसाची लांबी नावात कोठेच नसते, आणि निम्मा गोंधळ तेथूनच सुरू होतो.

रायफलीचा बोल्ट (नळीचे मागचे तोंड बंद करणारा दट्ट्या) मागे ओढला की रिकामी पुंगळी बाहेर पडते, पुढे ढकलला की मॅगझीनमधले नवे काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या घरात, जाते. बोल्ट किती मागे यायला हवा आणि मॅगझीन केवढे हवे, हे काडतुसाच्या एकूण लांबीवर ठरते. रायफली बनवणाऱ्यांनी त्यासाठी ठरावीक मापे धरली. ‘शॉर्ट ॲक्शन’मध्ये सुमारे २.८ इंच (७१ मिमी.) लांबीचे काडतूस मावते, ‘लाँग ॲक्शन’मध्ये सुमारे ३.३४ इंच (८५ मिमी.), आणि त्याहून लांब काडतुसांसाठी ३.६ इंचांच्या पुढची मॅग्नम मापे असतात. लघु आणि दीर्घ हे शब्द मुळात या यंत्रणेचे. काडतुसाला ते नंतर चिकटले. स्वीडन-नॉर्वेचे १८९४ चे ६.५×५५ एकूण ८० मिमी. भरते आणि दोन्ही घरांत पाहुणेच राहते.

या वर्गीकरणाची मूळ जोडी अमेरिकन लष्कराची. १९०३ च्या .३० इंच व्यासाच्या काडतुसात २२० ग्रेनची बोथट गोळी होती (१ ग्रेन म्हणजे सु. ०.०६५ ग्रॅम). जर्मनीने टोकदार, हलकी गोळी आणल्यावर अमेरिकेने १९०६ मध्ये पुंगळीची मान (गोळी धरणारा अरुंद भाग) थोडी आखूड करून १५० ग्रेनची टोकदार गोळी बसवली. हेच .३०-०६ स्प्रिंगफील्ड. त्याची पुंगळी ६३ मिमी. लांब. दोन महायुद्धे अमेरिका त्यावर लढली. पण दरम्यान दारू सुधारली. बारीक गोल दाण्यांची ‘बॉल’ दारू कमी जागेत जास्त मावते, त्यामुळे तेवढेच काम आखूड पुंगळीत होऊ लागले. लष्कराच्या फ्रँकफर्ड आर्सेनलमधल्या प्रयोगांतून ५१ मिमी. पुंगळीचे काडतूस तयार झाले. १९५२ मध्ये ते .३०८ विंचेस्टर या नावाने शिकाऱ्यांच्या बाजारात आले आणि १९५४ मध्ये नाटोने ७.६२×५१ म्हणून स्वीकारले.

पुंगळी १२ मिमी.ने घटली, पण वेग त्या प्रमाणात घटला नाही. .३०-०६ मध्ये .३०८ पेक्षा सुमारे २० टक्के जास्त जागा असते. त्याच वजनाच्या गोळीला मिळणारा जादा वेग जेमतेम ४-५ टक्के, म्हणजे सेकंदाला ३०-४० मीटर. व्यवहारातला ठोकताळा असा, की जागा वाढेल त्याच्या चौथाईनेच वेग वाढतो. शिवाय जुन्या रायफलींचा विचार करून .३०-०६ ची कमाल दाबमर्यादा चौरस इंचाला ६०,००० पौंड ठेवली गेली, तर .३०८ ला ६२,००० मिळाली. मोठ्या भांड्याचा थोडा फायदा तिथेच मुरला.

दीर्घ काडतुसांची दुसरी परंपरा इंग्लंडची आहे आणि तिचे मूळ दारूच्या रूपात आहे. ब्रिटिश कॉर्डाइट दोऱ्यासारख्या लांब कांड्यांच्या रूपात येई. उष्ण प्रदेशात तिचा दाब भलताच वाढे, म्हणून पुंगळ्या ऐसपैस, निमुळत्या ठेवीत. तापलेल्या चेंबरमधून त्या सहज सुटून येत. लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडने १९२५ मध्ये काढलेले .३०० एच अँड एच मॅग्नम याच घडणीचे आहे : पुंगळी ७२ मिमी., संपूर्ण काडतूस ९१ मिमी. पुंगळीचा खांदा (मानेकडे निमुळता होणारा भाग) इतका उतरता, की चेंबरमध्ये काडतूस नेमके टेकावे म्हणून बुडाशी पितळेचा पट्टा ठेवावा लागला. १९३५ मध्ये ओहायोतील कँप पेरी येथे बेन कम्फर्ट या नेमबाजाने याच काडतुसावर १,००० यार्डांचा विंबल्डन चषक जिंकला आणि अमेरिकेत मॅग्नमचे वेड शिरले. १९६३ च्या .३०० विंचेस्टर मॅग्नमने खांदा सरळ केला, पुंगळी ६६.५ मिमी.वर आणली आणि ते काडतूस साध्या लाँग ॲक्शनमध्ये बसवले. गरज संपलेला पट्टा मात्र वारसा म्हणून तसाच राहिला.

एवढ्या दारूची गरज कशासाठी, याचे उत्तर वाऱ्यात आहे. गुरुत्वाने गोळी किती खाली येईल हे अंतर कळले की आधीच मोजता येते आणि दुर्बिणीवर तेवढे फिरवून घेता येते. वारा मात्र दर मिनिटाला बदलतो. गोळी वाऱ्याने किती सरकेल हे ती हवेत एकूण किती वेळ होती यापेक्षा, हवेच्या रोधामुळे तिला किती उशीर झाला यावर ठरते. म्हणून हवा कापणारी लांब, सडपातळ गोळी तिच्याहून वेगाने सुटलेल्या आखूड गोळीवर मात करू शकते. या गुणाचे माप म्हणजे बॅलिस्टिक गुणांक. .३०८ मधून १७५ ग्रेनची गोळी सेकंदाला सुमारे ७९० मीटर वेगाने सुटते. १,००० यार्डांवर (९१४ मी.) तिचा वेग ध्वनीच्या वेगापेक्षा थोडासाच जास्त उरतो आणि ताशी १६ किमी.चा आडवा वारा तिला सुमारे अडीच मीटर सरकवतो. ६.५ क्रीडमूर या शॉर्ट ॲक्शनच्या काडतुसाची १४० ग्रेनची गोळी सुटते ती साधारण ८२५ मीटरने, म्हणजे फार वेगाने नव्हे, पण तीच सरक दोन मीटरच्या आत राहते. दारू कमी, धक्का कमी, आणि वाऱ्यात लाभ.

ध्वनीच्या वेगाचा उंबरठा हे वेगळेच प्रकरण आहे. वेग तेथवर उतरला की काही गोळ्या डळमळतात. सिएरा कंपनीची १६८ ग्रेनची प्रसिद्ध मॅचकिंग मुळात ३०० मीटरच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी बनवलेली. तेथे ती अचूक, पण १,००० यार्डांवर बेभरवशाची. ही उणीव पुढे १७५ ग्रेनच्या गोळीने भरून काढली. पुंगळी दोन्हींची तीच होती.

६.५ क्रीडमूर हे या सगळ्या विषयाचे सर्वांत बोलके उदाहरण आहे, म्हणून त्यावर थोडे थांबायला हवे. नाव आले न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरील क्रीडमूर मैदानावरून. १८७४ मध्ये तेथे अमेरिकन संघाने आयरिश संघाला ९३४ विरुद्ध ९३१ असे तीन गुणांनी हरवले आणि दूर पल्ल्याची नेमबाजी हा अमेरिकेत लोकप्रिय खेळ झाला. काडतूस मात्र हॉर्नाडी कंपनीचे, २००७ सालचे. त्याआधी १९९७ पासून .२६० रेमिंग्टन होतेच : व्यास तोच, पुंगळीतली जागा जवळपास तेवढीच, किंबहुना किंचित जास्त. मग नव्याची गरज काय होती? .२६० ची पुंगळी ५१.७ मिमी. आहे. शॉर्ट ॲक्शनच्या ७१ मिमी. मॅगझीनमध्ये ती बसवून तिच्यापुढे १४० ग्रेनची लांब गोळी लावायची, तर गोळीचा बराच भाग पुंगळीत खोल दाबावा लागतो. ती दारूची जागा खाते आणि तिचा निमुळता भाग पुंगळीच्या मानेत जातो. क्रीडमूरची पुंगळी ४८.८ मिमी. केवळ तीन मिमी. कापले आणि लांब गोळीला हवी तेवढी जागा पुढे मोकळी झाली. कारखान्यातून आलेले तयार काडतूसच स्पर्धेत चालू लागले. .२६० मध्ये हेच काम घरी बसून पुंगळ्या भरणाऱ्या हौशी माणसालाच जमत असे.

यातला विनोद .२८४ विंचेस्टरच्या कहाणीत आहे. १९६३ मध्ये हे जाडजूड काडतूस निघाले ते लाँग ॲक्शनचे बळ शॉर्ट ॲक्शनमध्ये कोंबण्यासाठी. बाजाराने त्याकडे पाठ फिरवली. पुढे हजार यार्डांच्या नेमबाजांनी ती पुंगळी उचलली, तिला ६.५ मिमी.ची मान दिली (हेच ६.५-२८४) किंवा आहे तशीच ठेवली, आणि लांब गोळ्या कमी खोल बसवून लाँग ॲक्शनमध्ये झाडायला सुरुवात केली. आखूड यंत्रणेसाठी जन्मलेले काडतूस लांब यंत्रणेत नावारूपाला आले. उलट टोकाला २०१८ चे .३०० पीआरसी पाहावे. त्याची पुंगळी .३०० विंचेस्टर मॅग्नमपेक्षा एक मिमी.ने आखूड आहे, पण संपूर्ण काडतुसाची मर्यादा ८५ ऐवजी ९४ मिमी. जादाचे सगळे मिलिमीटर गोळीच्या वाट्याला आले. याला लघु म्हणावे की दीर्घ, असा प्रश्न विचारला की वर्गीकरणाचा कच्चा पाया उघडा पडतो.

आखूड व जाड पुंगळीत दारू अधिक एकसारखी जळते, म्हणून अशी काडतुसे स्वभावतःच अचूक, असाही एक दावा आहे. त्याचा आधार म्हणजे लुई पाल्मिसानो व फेरिस पिंडेल यांनी १९७० च्या दशकात .२२० रशियन या पुंगळीपासून घडवलेले ६ मिमी. पीपीसी. सुमारे ३८ मिमी. पुंगळीच्या या काडतुसाने १०० व २०० यार्डांच्या बेंचरेस्ट (रायफल टेबलावर टेकवून झाडण्याच्या) स्पर्धा काबीज केल्या. पण बेंचरेस्टची रायफल, नळी आणि पुंगळ्या हाताने तोलून-मापून केलेल्या असतात. श्रेय एकट्या आकाराला देणे धाडसाचे ठरते. २००१ च्या .३०० विंचेस्टर शॉर्ट मॅग्नमने, म्हणजे ५३ मिमी. पुंगळीने, जवळजवळ .३०० विंचेस्टर मॅग्नमइतका वेग दिला. त्याला दारूही कमी लागते. मात्र जाड काडतुसे मॅगझीनमध्ये कमी मावतात, त्या रुंद बुडामुळे काही रायफलींत अडखळतात, आणि लांब गोळी लावायची म्हटली की शॉर्ट ॲक्शनची भिंत पुन्हा आडवी येते.

जास्त दारूची किंमत नळी देते. चेंबरच्या पुढे, जेथे नळीच्या आतील खाचा सुरू होतात, तो भाग प्रत्येक गोळीबाराला पेटत्या वायूने भाजून निघतो. .३०८ ची नळी स्पर्धेच्या दर्जाची अचूकता ५,००० किंवा जास्त गोळ्यांपर्यंत टिकवू शकते; ६.५ क्रीडमूरची साधारण निम्मी, ६.५-२८४ मध्ये हजार-बाराशेच्या पुढे नेमबाज नव्या नळीच्या मागे लागतो. खांद्याला बसणारा दणका हिशेबात धरला, तर दिवसभरात साठ-सत्तर गोळ्या झाडणाऱ्याला .३०० मॅग्नम शेवटच्या फैरीत महाग पडते. स्पर्धांचे नियमही काडतुसे जिवंत ठेवतात. १८७६ पासूनच्या परंपरेचा पाल्मा सामना ८००, ९०० व १,००० यार्डांवर मुख्यतः .३०८ ने खेळला जातो, आणि एफ-क्लास या स्पर्धाप्रकाराच्या टीआर गटात .३०८ व .२२३ यांखेरीज काही चालत नाही. सगळ्यांच्या हाती सारखेच हत्यार असल्यावर उरते ते वारा वाचण्याचे कसब.

लष्करी निर्णयांतही हीच ओढाताण दिसते. व्हिएतनाम युद्धात, १९६६ मध्ये, अमेरिकन मरीन दलाने घेतलेली एम४० ही शॉर्ट ॲक्शनची .३०८ रायफल. १९८८ मध्ये भूदलाने घेतलेली एम२४ सुद्धा ७.६२×५१ चीच, पण लाँग ॲक्शनवर बांधलेली, अधिक लांब काडतुसाची सोय असावी म्हणून. वीस वर्षे ती जादा जागा रिकामीच फिरली. अफगाणिस्तानातल्या लांबलांब दऱ्यांनी ती कारणी लावली आणि एम२४ चे रूपांतर .३०० विंचेस्टर मॅग्नमच्या एम२०१० मध्ये झाले. मरीन दलानेही २०१८ मध्ये त्याच काडतुसाची एमके१३ घेतली.

भारतात दूर पल्ल्याच्या लष्करी रायफलीचे काम दीर्घकाळ ड्रागुनोव्हने केले. तिचे ७.६२×५४आर हे कडेदार काडतूस १८९१ सालचे, म्हणजे धूरविरहित दारूच्या पहिल्या पिढीतले. २०१९ च्या सुमारास नियंत्रण रेषेवर .३३८ लापुआ मॅग्नमच्या रायफली आल्या. त्याची पुंगळी ६९ मिमी., काडतूस ९३.५ मिमी.; आणि तिचे मूळ .४१६ रिग्बी या १९११ च्या मोठ्या शिकारीच्या काडतुसात, म्हणजे पुन्हा कॉर्डाइटच्या ऐसपैस पुंगळीत. लहान शस्त्रांच्या काडतुसांशी महाराष्ट्राचा संबंध जुना आहे : खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा, आणि जळगाव जिल्ह्यातील वरणगावच्या आयुध निर्माणीत ७.६२ व ५.५६ मिमी.ची काडतुसे बनतात.

मराठी वाचकाच्या परिचयाची नेमबाजी मात्र बहुतांशी .२२ ची. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचे कांस्यपदक मिळवले, ते ज्या काडतुसावर त्याचे नाव ‘.२२ लाँग रायफल’. नावात लाँग, आणि एकूण लांबी अवघी २५.४ मिमी. घराण्यात .२२ शॉर्ट थोरले, १८५७ चे; .२२ लाँग १८७१ चे; लाँग रायफल १८८७ चे. लाँग आणि लाँग रायफल यांची पुंगळी एकाच लांबीची, १५.६ मिमी. फरक होता तो गोळीत, २९ ग्रेनऐवजी ४०. लाँग आता जवळजवळ कोणी वापरत नाही.