दुवा, नियत आणि चित्तशुद्धी: बीड परिसरातील एका भक्तिपरंपरेचा विचार

बीड जिल्ह्याच्या पूर्व भागातील धर्मापुरी हे गाव चालुक्यकालीन केदारेश्वर मंदिरामुळे इतिहासाच्या अभ्यासकांस परिचित आहे. याच जिल्ह्याच्या पश्चिमेस, आष्टी तालुक्यात, वाहिरे हे गाव आहे. परंपरेनुसार ते संतकवी शेख महंमद यांचे मूळ गाव होय. हृदयशुद्धीची इस्लामी प्रार्थना मराठीत कोणत्या मार्गाने आली, हा प्रश्न या कवीच्या निमित्ताने विचारात घेण्यासारखा आहे.

प्रथम मूळ संकल्पना पाहू. अरबीत ‘दुआ’ म्हणजे हाक, ईश्वराला केलेली विनवणी. शुद्धीसाठी ‘तज़्किया’ हा शब्द येतो. ‘ज़कात’ याच धातूपासून झाला असून त्यात निर्मळ होणे व वाढणे हे दोन्ही अर्थ आहेत. जो आपला ‘नफ्स’ शुद्ध करतो तो कृतार्थ होतो, असे कुराणाच्या ९१ व्या सूरेत सांगितले आहे. उलट, मुस्लिम (मृत्यू ८७५) यांच्या हदीससंग्रहातील एका प्रार्थनेत ही शुद्धी ईश्वरानेच करावी अशी याचना आहे. प्रयत्न माणसाचा आणि सिद्धी ईश्वराच्या कृपेने, असा हा दुहेरी विचार आहे. पुढे गझाली (मृत्यू ११११) यांनी हृदयाला आरशाची उपमा देऊन तो मलिन कसा होतो आणि उजळावा कसा, याचे विस्तृत विवेचन केले.

यांपैकी मराठीत काय आले? ‘दुवा’ आला, पण त्याचा अर्थ पालटला. मराठीत दुवा दिला जातो व घेतला जातो. म्हणजे तो प्रामुख्याने आशीर्वाद झाला. (साखळीचा दुवा हा शब्द निराळा.) या अर्थांतरास राजव्यवहाराचेही साहाय्य झाले असावे. मुसलमानी राजवटींतील फार्सी दानपत्रांत, दान घेणाऱ्याने राज्याच्या चिरस्थायित्वासाठी दुआ करीत राहावे, अशी अपेक्षा व्यक्त होत असे. ‘तज़्किया’ मात्र सामान्य मराठीत रुजला नाही. अपवाद ‘नियत’ या शब्दाचा. ‘त्याची नियत साफ नाही’ असे म्हणताना मराठी माणूस दोन अरबी शब्दांनी अंतःकरणाच्या शुद्धीचाच निवाडा करीत असतो.

शब्द आला नाही म्हणून विचारही आला नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. शेख महंमद हे कादरी सूफी परंपरेशी निगडित होते. चांद बोधले हे त्यांचे गुरू मानले जातात. त्यांची कर्मभूमी श्रीगोंदा. त्यांचा ‘योगसंग्राम’ १६४५ मध्ये पूर्ण झाला. अंतःकरणातील विकारांशी साधकाने करावयाचे युद्ध हा त्याचा विषय आहे. नफ्सशी झुंज ही सूफींची परिचित कल्पना. पण तिच्यासाठी कवीला अरबी परिभाषा आणावी लागली नाही, कारण चित्तशुद्धीची समर्थ परिभाषा मराठीत आधीच सिद्ध होती. अर्थात साम्य म्हणजे उसनवारी नव्हे. योगमार्गातही मनोजयाचा विचार स्वतंत्रपणे आहे आणि या ग्रंथात दोन्ही धारा एकमेकींत मिसळल्या आहेत.

येथेच इतिहासलेखकाने सावध राहावयास हवे. भाषा वैष्णवांची, म्हणून कवीने आपला धर्म सोडला, असा निष्कर्ष काहींना सुलभ वाटतो. परंतु हाच कवी स्वतःस ‘अविंध’, म्हणजे कान न टोचलेला, म्हणवितो. मुसलमानास उद्देशून मराठीत रूढ असलेला हा शब्द त्याने स्वतः स्वीकारला. त्याने दखनीतही रचना केली. ज्याला दोन भाषा अवगत होत्या, त्याने मराठी निवडली ती तिच्यात आपले म्हणणे पूर्णपणे मांडता येत होते म्हणून, असे मानणे अधिक सयुक्तिक होय.

तात्पर्य, दरबार आणि बाजार यांच्या वाटेने शब्द आले व त्यांतील काहींचे अर्थ बदलले. मठ आणि गुरुपरंपरा यांच्या वाटेने विचार आला व त्याने मराठी शब्द धारण केले. केवळ अरबी-फार्सी शब्दांची मोजदाद करून मराठीवरील इस्लामी प्रभाव ठरवू पाहणाऱ्यास ही दुसरी वाट दिसणारच नाही.