आमेन

प्रार्थनेच्या शेवटी उच्चारला जाणारा ‘आमेन’ हिब्रूतला. धातू अ-म-न, म्हणजे पक्कं असणं, टिकणं. ‘एमूना’, म्हणजे विश्वास, हाही त्याच धातूचा. बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या १७व्या अध्यायात इस्राएलांची अमालेकांशी लढाई चालू असताना त्यांचा नेता मोशे याचे उंचावलेले हात थकतात. अहरोन आणि हूर ते दोन्हीकडून तोलून धरतात, आणि सूर्य मावळेपर्यंत ते हात ‘एमूना’, अर्थात स्थिर राहतात. विश्वास असा दंडात उतरलेला पाहिला की मला त्या शब्दाचं फार मोल वाटतं. बायबलमधल्याच ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या २७व्या अध्यायात लोक १२ वेळा ‘आमेन’ म्हणतात, तेही शापांना: आज्ञा मोडली तर परिणाम आम्हांला मान्य! प्रेषित पौल करिंथकरांना लिहितो, देवाची सारी वचनं ख्रिस्तात ‘होय’ ठरली; आपलं ‘आमेन’ही त्याच्याच द्वारे.