सायकल शर्यतीतील वेग-प्रशिक्षण

शर्यतीला लागणाऱ्या निरनिराळ्या वेगांची पद्धतशीर जोपासना. उसळी, अंतिम धाव, टिकाऊ वेग व चढावरील वेग हे त्याचे प्रमुख प्रकार होत.

उसळीसाठी संथ गतीतून जड गिअरवर ६ ते १० सेकंद सर्व शक्तीनिशी पायडल मारतात. स्नायूंतील तत्काळ ऊर्जेचा साठा सुमारे १० सेकंदांतच ओसरतो. त्यामुळे दोन उसळ्यांमध्ये काही मिनिटे विसावा आवश्यक असतो. अंतिम धाव बहुधा शेवटच्या २०० मी.मध्ये निकाल ठरविते. तिच्यासाठी हलक्या गिअरवर, सौम्य उतारावर पायडलच्या फेऱ्या मिनिटाला ११० पेक्षा अधिक नेण्याचा सराव करतात.

टिकाऊ वेगासाठी ८ ते २० मिनिटांचे एकसलग जोरकस टप्पे घेतात. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून सपाटीवर वाकून बसणे आणि पुढच्या स्वाराच्या आडोशाने जाणे हाही प्रशिक्षणाचाच भाग असतो. चढावर मात्र शरीराच्या वजनाच्या तुलनेत मिळणारी शक्ती निर्णायक ठरते.

कोल्हापूर–पन्हाळा हा सुमारे २० किमी.चा मार्ग अशा सरावास अनुकूल आहे. केर्लीपर्यंतच्या बऱ्याचशा सपाट रस्त्यावर टिकाऊ वेगाचा व पुढे वाघबीळ घाटात चढाचा सराव होतो. पन्हाळा भोवतालच्या मैदानाहून सुमारे ४०० मी. उंच आहे. ट्रॅकवरील शर्यतींसाठी पुण्यात बालेवाडी येथे वेलोड्रोम आहे.

पूर्ण जोराचा सराव आठवड्यातून दोनदा पुरेसा असतो. पुरेशा विश्रांतीशिवाय वेग वाढत नाही.