भरावाखालची आम्लता: परळ-लालबागची जमीन आणि भूजल

१. जमिनीची घडण
परळ-लालबागसह मध्य मुंबईचा सखल भाग म्हणजे सात बेटांमधली जुनी खाजणे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हॉर्नबी वेलार्ड या बांधाने वरळी आणि महालक्ष्मीमधला समुद्राचा शिरकाव थांबवला आणि पुढे त्या सखल भागावर भराव पडत गेला. म्हणून इथे अनेक ठिकाणी मुरूम-राडारोड्याखाली खाडीचा काळा चिखल आणि त्याखाली काळा पत्थर आढळतो.

हवाबंद चिखलात समुद्राचे सल्फेट, लोह आणि कुजणारा पाला यांपासून जिवाणू पायराइट हे लोहाचे सल्फाइड घडवतात. पाण्याखाली असेपर्यंत ते निरुपद्रवी असते आणि चिखलाचा सामू, म्हणजे पीएच, ७ च्या आसपास राहतो.

२. आम्लाची निर्मिती
१९८२ च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर बंद पडलेल्या गिरण्यांच्या जागी टॉवर उभे राहिले. त्यांच्या खोल तळघरांसाठी पाणी उपसले, की भूजलपातळी उतरते आणि चिखलात प्राणवायू शिरतो. तिथे पायराइट असेल, तर एक किलोपासून सुमारे १.६ किलो गंधकाम्ल बनू शकते. सामू ७ वरून ४ वर आला, तर आम्लता हजारपट वाढते. चिखलातले शिंपले आणि काळ्या पत्थराची झीज यांमुळे काही आम्ल शमते, मात्र ही क्षमता जागोजागी बदलते.

३. भूजलावरील परिणाम
पावसाळ्यात पातळी पुन्हा चढते, तेव्हा साठलेले आम्ल पाण्यात उतरते. सामू ५ च्या खाली जाताच मातीतले ॲल्युमिनियम विरघळू लागते, लोह सुटते आणि पुढे हवेच्या संपर्कात त्याचा तांबूस गाळ बसतो. आम्ल आणि सल्फेट मिळून पायाचे काँक्रीट पोखरतात. पिण्याच्या पाण्याचा सामू ६.५ ते ८.५ असावा, असे भारतीय मानक सांगते.

४. उपचार
पहिला उपाय प्रतिबंधाचा: खड्ड्याभोवती पाणीरोधक भिंत बांधावी, उपसा मर्यादित ठेवावा आणि चिखल ओलाच राहू द्यावा.

खणणे अटळ असेल, तर चुनखडीची बारीक भुकटी चिखलात पूर्ण मिसळावी. वरून फेकलेली खाली पोचत नाही. पायराइटच्या रूपात १ टक्का गंधक असलेल्या टनभर मातीला सुमारे ३१ किलो शुद्ध चुनखडी लागते. मिश्रण पूर्ण एकजीव होत नाही म्हणून प्रत्यक्षात दीडपट देणे श्रेयस्कर. नुसता आजचा सामू पाहून मात्रा ठरवली, तर ती फसते, कारण उद्याचे आम्ल अजून पायराइटमध्येच असते.

उपसलेले पाणी चुन्याच्या निवळीने शमवून, लोहाचा गाळ बसवूनच नाल्यात सोडावे. उपचार न करता डंपरने दुसरीकडे नेलेला चिखल तिथे वाळून तेच आम्ल तयार करतो.

५. निष्कर्ष
पायाच्या रचनेसाठी जमिनीत भोके पाडून नमुने काढले जातातच. त्याच नमुन्यांवर हायड्रोजन पेरॉक्साइडची चाचणी करावी. मिश्रण जोरात फसफसले आणि सामू ३ च्या खाली गेला, तर सल्फाइडचे प्रमाण प्रयोगशाळेत मोजावे. बांधकामाच्या परवानगीआधी ही चाचणी सक्तीची व्हायला हवी. पाणी उपसायला सुरुवात होण्यापूर्वी काही नमुन्यांचा खर्च पुरतो; आम्ल भूजलात उतरल्यावर ते बाहेर काढणे फार अवघड असते.