भिंत कुणाची, तार कुणाची?

नळाला पाणी आलं नाही, तर भाडेकरू घरमालकाच्या दारात जातो. वीज गेली, तर वीज कंपनीला फोन लावतो. पण आंतरजाल बंद पडलं की बिचाऱ्याला कुणाच्या नावानं ओरडायचं तेच कळत नाही. डबा कंपनीचा, भिंत मालकाची, जोडणी कदाचित मागच्या भाडेकरूच्या नावावर, आणि परीक्षेचा अर्ज भरायचाय तो मात्र याच्या पोराला! आमच्या आगरदांड्यात नोकरीधंद्यासाठी बाहेरगावाहून येऊन भाड्याच्या खोलीत संसार थाटणाऱ्यांची ही रड मी वारंवार ऐकतो. जन्मभर शाळेत शिकवल्यामुळे, कुठलीही रड ऐकली की तिचा इतिहास शोधायची खोड लागली आहे. तो हा असा.

तार घरापर्यंत आणायची तर कुणाची तरी जमीन ओलांडावी लागतेच. इंग्रज सरकारनं हा प्रश्न १८८५ च्या तार कायद्यानं सोडवला. तारखात्याला कुणाच्याही जागेतून तार नेण्याचा हक्क मिळाला. जमिनीची मालकी बदलायची नाही, नुकसान कमीत कमी करायचं आणि झालं तर भरपाई द्यायची. आता त्याची जागा २०२३ च्या दूरसंचार कायद्यानं घेतली आहे. थोडक्यात, तार नेणाऱ्याचा विचार झाला, जागेच्या मालकाचाही झाला. त्या जागेत भाड्यानं राहणारा माणूस त्या चित्रात नव्हताच.

भाडेकरूची बाजू घेतली ती १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यानं. आवश्यक सेवा मालकानं तोडायच्या नाहीत, असं त्यात स्पष्ट होतं. पुढे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यातही आवश्यक सेवांची नावं दिली आहेत: पाणी, वीज, जिन्यातले नि बोळातले दिवे, लिफ्ट, साफसफाई. जिन्यातला दिवा आहे, पण टेलिफोनची तार नाही. वास्तविक विदेश संचार निगमनं सामान्य लोकांसाठी आंतरजाल १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू केलं होतं. पण तेव्हा ती चैन होती. चैनीची गोष्ट गरजेच्या यादीत कोण घालणार?

चैनीची गरज कधी झाली, त्याची तारीख आमच्या किनाऱ्याला विचारा. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि वर्ग पडद्यावर गेले. लगोलग ३ जूनला निसर्ग वादळ आलं. मुरुड-श्रीवर्धन पट्ट्यात विजेचे खांब आडवे झाले, फोन मुके झाले. फळा होता, खडू होता, पण शाळेत मूल नव्हतं. आणि घरी मूल होतं तर तिथवर शाळा पोहोचत नव्हती. त्याच्या आदल्याच वर्षी, सप्टेंबर २०१९ मध्ये, केरळ उच्च न्यायालयानं वसतिगृहातल्या एका विद्यार्थिनीच्या दाव्यात म्हटलं होतं की आंतरजाल वापरण्याचा हक्क हा शिक्षणाच्या नि खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे. दुसऱ्याच्या छपराखाली राहणाऱ्या मुलीच्या तक्रारीतून हा निकाल यावा, हे मला फार बोलकं वाटतं.

आता भिंतीकडे वळू. जगदीशचंद्र बोसांनी १८९५ मध्ये कलकत्त्यात विद्युतलहरी भिंतींपलीकडे पाठवून घंटा वाजवून दाखवली. मग आमच्या स्वयंपाकघरात वाय-फाय का पोहोचत नाही? कारण त्या डब्याची ताकद मुद्दामच कमी ठेवलेली असते, आणि जांभ्याची जाड भिंत पावसाळ्यात ओल धरते. पाणी या लहरी पिऊन टाकतं. दुसरं कारण शेजार. २००५ पासून भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवान्याशिवाय वापरता येतो, त्यामुळे चाळीतले सगळे डबे एकाच पट्टीत गातात. यावरची युक्ती आली हवाई बेटांवरून. बेटाबेटांत समुद्र, तारा कशा ओढणार? (आमच्यासमोर दिघी दिसते, मध्ये खाडी, अडचण मला चटकन समजली.) १९७१ मध्ये तिथल्या विद्यापीठानं संगणक रेडिओनं जोडले. दोघं एकदम बोलले नि गोंधळ झाला, तर दोघांनी थोडं थांबायचं नि पुन्हा बोलायचं. वाय-फाय आजही थोडंफार असंच चालतं. वर्गात मुलं जास्त झाली की वाट पाहणं वाढतं, एवढंच!

बिघाड शोधायची रीत मात्र जुन्या तारखात्याचीच. तारेचे भाग पाडायचे आणि कुठल्या भागापर्यंत ठीक आहे ते तपासायचं. डब्यावर 'लॉस'चा लाल दिवा लागला, तर दोष बाहेरच्या काचतंतूत, कंपनीला बोलवा. दिवा ठीक असेल, तर संगणक डब्याला वायरनं जोडून पाहा. वायरीवर चालतं नि हवेतून चालत नाही, तर दोष भिंतीचा, शेजाराचा नाहीतर जागेचा. डबा जमिनीवरून उचलून उंच, घराच्या मध्यावर ठेवा. वायरीवरही नाही, तर डबा एकदा बंद करून चालू करा, मग तक्रार नोंदवा.

पण तक्रार नोंदवायला जोडणी आपल्या नावावर हवी, आणि नवी तार आत घ्यायला भिंतीला भोक पाडावं लागतं. हा बिघाड कुठल्याच दिव्यावर दिसत नाही. १९९९ च्या कायद्यानुसार भाडेकरार लेखी नि नोंदलेला असावाच लागतो, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. कागद होतोच आहे, तर त्यात तीन ओळी वाढवाव्यात: जोडणी कुणाच्या नावावर, भोक कुठे पाडायचं, आणि घर सोडताना डबा कुणी परत करायचा. कायद्याच्या यादीत तार येईल तेव्हा येईल. तोवर जिन्यातल्या दिव्याइतका तरी मान तिला आपण आपल्या करारात द्यावा, असं या म्हाताऱ्या मास्तराला वाटतं.